सातव्या गाण्यातली हाळी

साबणाचा डबा! मित्रांनो, परवा मळवलीच्या बंगल्यावर आलेल्या एका लहान मुलीनं मला हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि आपल्या आईला विचारलं, "हा साबणाचा डबा आहे का गं?" खोटं कशाला बोलू, मला भयंकर राग आला. मग तिनं माझ्या दोन भोकांना डोळे लावले, आरपार आईकडे बघितलं आणि खुदकन हसली. तेव्हा कुठे माझा राग निवळला. तिचं तरी काय चुकलं? तिच्या जन्माच्या कितीतरी आधी माझ्या जातीचे दिवस संपले होते.

तर मी एक जुनी कॅसेट आहे. माझ्या पोटात दोन चाकं आहेत आणि चाकांवर लांबच लांब तपकिरी फीत गुंडाळलेली आहे. फितीवर नऊ गाणी आहेत. शिवाय चाळीस सेकंदांची आणखी एक गोष्ट आहे, आणि ती काय आहे हे कळायला माणसांना चोवीस वर्षं लागली. मला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण कॅसेटला तोंड नसतं, कुणीतरी वाजवावं लागतं. आज तुम्ही ऐकताय, तर सगळं सांगून टाकते.

मी जन्मले ती कोरी. पुण्यातल्या चार जणांच्या एका बँडनं माझ्यासारख्या दोनशे कोऱ्या कॅसेटी आणल्या. बँडचं नाव 'रस्ट कॅलेंडर', म्हणजे गंजलेलं कॅलेंडर. असली नावं का ठेवतात ते मला विचारू नका. एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत ते वाजवायचे, आणि गिरणी बंद असेल तेवढ्याच वेळात रेकॉर्डिंग करायचे. त्यांनी जो अल्बम केला त्याचं नाव 'नाइन क्रूकेड डोअर्स'. नऊ वाकडी दारं. ते नाव माझ्या अंगावर हिरव्या शाईनं, हातानं लिहिलेलं आहे.

त्या जातीच्या संगीताला ऑल्टरनेटिव्ह मेटल म्हणतात. पहिलं गाणं सुरू झालं की दगडांचा डंपर रिकामा होतोय असंच वाटतं. लोक कानांवर हात ठेवतात. हात काढेपर्यंत दुसरं गाणं लागलेलं असतं आणि त्यात सॅक्सोफोन चक्क लाडात आलेला असतो. तिसरं जत्रेतल्या पाळण्यासारखं गरगर फिरतं. चौथ्यात ताल धरलाय शिलाई मशीननं. बँडमधल्या एकाच्या मावशीचं पायमशीन होतं ते. पाचवं जेमतेम मिनिटभराचं, त्यात गायक एकही शब्द न उच्चारता पोटातून ओरडतो. मग बाजू बदलायची. सहाव्यात एकटी ट्रम्पेट रडते. सातव्याचं पुढे सांगते. आठव्यात कव्वालीच्या टाळ्या आहेत आणि त्यांच्याखाली सगळ्यांत जड गिटार. नववं म्हणजे नुसती पेटी, तीही जराशी बेसूर, आणि ती मध्येच थांबते. वाजवणारा चहा प्यायला उठून गेला की काय, असं वाटतं.

तेव्हा पुष्कळ लोक नाकं मुरडून म्हणाले की ह्यांना नक्की काय वाजवायचंय तेच ठरवता येत नाही. मी म्हणते, ठरवलं होतं! एकसारखं काहीही वाजवायचं नाही, हेच तर ठरवलं होतं त्यांनी.

आता एक बारीकशी गोष्ट लक्षात ठेवा. माझ्या पाठीच्या कडेला दोन चिमुकल्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की माझ्यावर दुसरं काही भरता येत नाही. बँडच्या पोरांनी घाईत त्या मोडल्याच नाहीत. तसे ते जरा वेंधळेच होते.

त्या पोरांचा एक मित्र मला घेऊन मळवलीच्या बंगल्यावर दोन दिवस राहायला आला आणि जाताना मला खाटेखाली विसरून गेला. तो बंगला सांभाळायचे रखमाजी आणि त्याची बायको हिरा. बंगला सांभाळणाऱ्यांची एक रीत असते. पाहुणा जे विसरेल ते पत्र्याच्या डब्यात घालायचं, वर तारखेची चिठ्ठी लावायची आणि वर्षभर हात लावायचा नाही. मग पाहुणा परत आला तर त्याचं, नाहीतर आपलं. मी त्या डब्यात एक वर्ष काढलं. सोबतीला एक चष्मा होता, दोन वेगवेगळे मोजे होते, एक बंद पडलेला वॉकमन होता आणि कुणाची तरी कवळी होती. कवळी विसरून माणूस घरी कसा गेला, ह्यावर मी वर्षभर विचार केला.

वर्ष भरलं. कुणी आलं नाही. त्याच सुमाराला बंगल्याच्या मालकांनी आपला जुना टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेला डबा, रखमाजीला देऊन टाकला आणि माझं नशीब उघडलं.

मित्रांनो, मावळात दसऱ्याच्या आधी भाताचा दाणा दुधात येतो. तेव्हा पाखरं तुटून पडतात. चिमण्या, मुनिया, पोपट, सगळ्यांचा तोच दसरा! हिरा दिवसभर खाचराच्या बांधावर उभी राहून राखण करायची. पत्र्याचा डबा बडवायची, गोफण फिरवायची, हाळी घालायची. हात दुखायचे, घसा बसायचा. म्हणून तिनं टू-इन-वन बांधावर नेऊन ठेवला आणि त्यात भजनाची कॅसेट लावली. पाखरं दोन दिवस बिचकली. तिसऱ्या दिवशी ती टाळमृदंगाच्या ठेक्यावर दाणे टिपायला लागली. मग हिरानं डब्यातून मला काढलं.

पहिल्या गाण्याचा पहिला घाव पडला आणि अख्खं खाचर फडफडत उडालं! शेजारच्या खाचरातून झुंबरबाई धावत आल्या, पदर सावरत, धापा टाकत.

"हिरे, आगं काय बाई हे! कुनाचं घर पडलं का काय?"

"न्हाई मावशी, गानं हाय."

"ह्याला गानं म्हंत्यात?"

"म्हनू देत न्हाईतर न्हाई. पाखरं पळाली न्हवं?"

आणि काय सांगू, पाखरांना माझी सवय लागलीच नाही! चौथ्या दिवशी नाही, दहाव्या दिवशी नाही. हिराच्या ते पहिल्यांदा ध्यानात आलं. ती झुंबरबाईंना म्हणाली, "ह्याचा भरवसा न्हाई बघा मावशी. आता गप हाय, आता अंगावर यील. पाखरू बसायला आलं की हे रूप बदलतंय." मोठमोठ्या जाणकारांनी अल्बमवर काय लिहिलं ते मला ठाऊक नाही. पण ह्याच्याहून नेमकं कुणी लिहिलं असेल असं वाटत नाही. तिला इंग्रजीतलं अक्षर कळत नव्हतं. तरी खुरपताना ती शिलाई मशीनचा ताल तोंडानं धरायची आणि आठवं गाणं लागलं की इकडेतिकडे बघून, कुणी नाही अशी खात्री करून टाळ्या वाजवायची. मित्रांनो, ती माझी पहिली चाहती. मला ती फार आवडायची.

आता सातवं गाणं. ते हळू सुरू होतं, एकच गिटार, थेंब थेंब. मग मध्येच सगळे गप्प होतात. अकरा सेकंद कुणी काही वाजवत नाही. त्यानंतर गायक काहीतरी पुटपुटतो आणि मग सगळी वाद्यं एकदम तुटून पडतात. हिराला हे गाणं राखणीला गैरसोयीचं वाटायचं, कारण त्या शांततेत पाखरं बरोबर खाली उतरायची.

एका दुपारी तसंच झालं. वाद्यं गप्प झाली, पोपटांचा थवा उतरला. हिरा चिखलातून धावत आली ती गाणं पुढे न्यायला. घाईत तिनं आधी मला बंद केलं आणि मग चिखलानं माखलेल्या हातानं दोन बटणं एकदम दाबली. त्यांतलं एक लाल होतं. माझ्या पट्ट्या शाबूत होत्या, त्यामुळे मला कुणी अडवलं नाही. माझ्यावरचं गाणं पुसलं जायला लागलं आणि त्या जागी समोरचा आवाज उमटायला लागला. मी घाबरले. माझ्या अंगावरचं काही कुणी पहिल्यांदाच पुसत होतं. पण जे उमटलं ते असं होतं:

"हाऽऽ हुर्र! हाऽऽ हुर्र! उठा की रं मेल्यांनो, दुसरं रान न्हाई का तुमाला?" मग थोडा वेळ नुसता वारा. मग तोच आवाज, पण मऊ झालेला. "आगं तुला न्हाई बोलले. ये. ये हिकडं. भिऊ नगं, मी हाय हितं."

गाणं का वाजत नाही म्हणून तिनं पुन्हा बटणं दाबली आणि राहिलेलं गाणं जिथून सुटलं होतं त्याच्या पुढून धडाडलं. आपण काय केलं ते तिला कधीच कळलं नाही, कारण त्या दिवसापासून सातवं सुरू झालं की ती ते पुढे पळवूनच टाकायची. सुगी झाली, भात झोडून घरात आलं. माघ महिन्यात हिराला कावीळ झाली आणि बारा दिवसांत ती गेली. घरात तिचा एक फोटो होता. आवाज कुठेच नव्हता, असं सगळ्यांना वाटत होतं.

मी ओरडून सांगितलं असतं हो! पण रखमाजीनं टू-इन-वन फडक्यात बांधून माळ्यावर टाकला. तो दिसला की त्याला ते खाचर आठवायचं, आणि ते त्याला सोसत नव्हतं.

पुढच्या वर्षी पाखरं काही यायची थांबली नाहीत. तेव्हा झुंबरबाईंनी दुसरा उपाय काढला. जुन्या कॅसेटींची फीत ओढून काढायची आणि खाचरावर या काठीपासून त्या काठीपर्यंत ताणायची. वाऱ्यानं ती गुणगुणते, उन्हात चमकते, पाखरं बिचकतात. त्या आमच्या माळ्यावर चढल्या आणि तिथल्या सगळ्या कॅसेटी ओटीत घेऊन उतरल्या. भजनाच्या कॅसेटीचं पोट माझ्या डोळ्यांसमोर रिकामं झालं. मग त्यांनी मला उचललं, माझ्या फितीत बोट घातलं आणि तेवढ्यात साडेचार वर्षांची समीक्षा, हिराची एकुलती एक लेक, मला येऊन बिलगली. तिनं मला मुठीत धरलं आणि असं भोकाड पसरलं की झुंबरबाईंचा हात आपोआप मागे आला. "घे बाई घे, तुझं सोनं तुलाच राहू दे," त्या म्हणाल्या. समीक्षाला मी कोण ते समजत नव्हतं. खाचरात तिच्या आईजवळ असायची तीच ही वस्तू, एवढंच तिला ठाऊक असावं.

अकराव्या वर्षी तिनं त्या पत्र्याच्या डब्यातला वॉकमन काढला, लोणावळ्यात इनायतभाईंकडून दुरुस्त करून आणला आणि मला कानाला लावलं. रखमाजी म्हणायचा, "कानात बुचं घालून काय बसतीस गं सारखी?" पण काय ऐकतेस, असं त्यानं कधी विचारलं नाही. माझी हिरवी शाई दिसली की तो अंगणात जायचा. आणि आवाज तर फक्त तिच्या कानात जायचा.

मला किती जणांनी ऐकलं असेल, पण समीक्षासारखं कुणी ऐकलं नाही. शाळेच्या वहीत तिनं नऊ पानं आखली, प्रत्येक गाण्याला एक. शब्दकोश मांडीवर घेऊन, मला थांबवत, मागे नेत तिनं एकेक ओळ लिहून काढली. इंग्रजीच्या बाईंनी विचारलं, "एवढे शब्द कुठून शिकलीस?" तर ही म्हणाली, "दारांकडून." आणि सातव्या पानावर तिनं हिराची हाळी लिहिली. तिला वाटलं, ती गाण्याचाच भाग आहे! वाटणारच. ज्या अल्बमात शिलाई मशीन आहे, बेसूर पेटी आहे, कव्वालीच्या टाळ्या आहेत, त्यात भात राखणारी बाई का नसावी? बँडवाले आपल्या मावळात आले असतील, त्यांनी कुणाची तरी हाळी भरून घेतली असेल, असं तिनं मनाशी पक्कं केलं. दहावीच्या निकालाआधी, पहिल्या नोकरीच्या मुलाखतीआधी, रखमाजीचं ऑपरेशन होतं तेव्हा दवाखान्याच्या बाकावर, दर वेळी तिनं मला काढलं आणि सातवं गाणं लावलं. भिऊ नगं, मी हाय हितं. मग ती उठून कामाला लागायची.

आज समीक्षा सत्तावीस वर्षांची आहे. मळवलीतले तीन बंगले एकटी सांभाळते. किल्ल्या, पाण्याची टाकी, गॅस, पाहुण्यांच्या तक्रारी, सगळं स्कूटरवरून. विसरलेल्या वस्तूंचा डबाही तिच्याकडेच आहे आणि वर्षाची रीतही तशीच आहे.

ह्या उन्हाळ्यात तिला फोनवर 'रस्ट कॅलेंडर'च्या चाहत्यांचा एक ग्रुप सापडला. पुण्याचे अतुल नावाचे एक गृहस्थ तो चालवत होते. अल्बमला पंचवीस वर्षं झाली म्हणून ते चाहत्यांच्या लेखांची छोटी पुस्तिका काढणार होते. समीक्षा आठ दिवस लिहीत होती. तिनं नऊही दारं उघडून दाखवली. सातव्याबद्दल तिनं लिहिलं, "इथे सगळे गप्प होतात आणि एक बाई पाखरांना हाकलते. मग ती कुणाला तरी जवळ बोलावते, आणि तिची हाक ऐकून सगळी वाद्यं धावत येतात. हा अल्बम कुणाला गोंगाट वाटतो. मला तो घर वाटतो, कारण त्यात कुणीतरी 'ये' म्हणतं."

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर हसण्याचा पाऊस पडला. कुठली बाई? तिथे तर गायक पुटपुटतो! एकानं लिहिलं, ऐकलाच नाही आणि चालली लेख लिहायला. अतुल सभ्य माणूस, पण त्यांनीही कळवलं, "माझ्याकडे दुसरी प्रत आहे. त्यात बाई नाही. सोबत आवाज पाठवतो. रविवारपर्यंत तुमच्या कॅसेटचा आवाज पाठवा, नाहीतर लेख घेता येणार नाही." समीक्षानं तो आवाज ऐकला. खरंच नव्हती बाई. तिनं मला हातात घेतलं आणि म्हणाली, "मी सोळा वर्षं खोटं ऐकलं नाहीये. चल."

वॉकमन तर गेल्या वर्षीच बंद पडला होता आणि माझी अवस्था बरी नव्हती. फितीखालचा लोकरीचा तुकडा गळून पडला होता. फीत दोन ठिकाणी चुरगळलेली. लोणावळ्याच्या पहिल्या दुकानात म्हणाले, कॅसेट? म्युझियममध्ये न्या. दुसऱ्यात म्हणाले, ताई, सगळी गाणी नेटवर मिळतात की. ती एकाही शब्दानं वाद घालत नव्हती. पुढच्या दुकानात जात होती. शेवटी पुन्हा इनायतभाई. ते आता थकले होते, दुकानात पंखे आणि मिक्सर दुरुस्त करत होते. पण कपाटाच्या तळाशी कॅसेट वाजवायचा त्यांचा जुना डेक होता.

त्या दिवशी रखमाजी चष्म्याचा नंबर काढायला तिच्या स्कूटरवर मागे बसून आला होता. मला बघून म्हणाला, "ते वाजवायचं असंल तर मी भाईर बसतो." आणि पायरीवर, रस्त्याकडे तोंड करून बसला.

इनायतभाईंनी माझे पाच स्क्रू काढले. नवा लोकरीचा तुकडा चिकटवला, फीत बोटानं सरळ केली, मला मिटवलं. "हे बघ बेटा," ते म्हणाले, "एकदा नीट वाजेल. दुसऱ्यांदा तुटली तर मला बोलू नकोस. मी कॉम्प्युटर जोडून ठेवतो, जे येईल ते एकाच झटक्यात पकडायचं."

"चालेल काका. लावा. साइड बी."

मित्रांनो, मी ठरवलं होतं. तुटायचं तर नंतर तुटायचं. चाकं करकरत होती, चुरगळलेल्या जागी फीत ओढली जात होती. मला दात असते तर दातओठ खाल्ले असते. ट्रम्पेट रडून झाली. सातवं सुरू झालं. थेंब थेंब. मग शांतता. आणि माझ्यातनं, दुकानाच्या मोठ्या स्पीकरवर, चोवीस वर्षांत पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू जाईल अशी, हिरा ओरडली.

"हाऽऽ हुर्र! हाऽऽ हुर्र!"

समीक्षाचा चेहरा उजळला. "ऐकलंत? आहे ना बाई?"

इनायतभाईंनी बोट वर केलं. हाळी संपेपर्यंत, वाद्यं धडाडेपर्यंत ते ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "आहे. पण बेटा, हे बँडचं नाही. तिच्या आधी खट् वाजलं, नंतर खट् वाजलं. हा रेकॉर्डच्या बटणाचा खटका आहे. कुणाच्या तरी हातून चुकून वरून भरलं गेलंय."

समीक्षा स्टुलावर बसली. "म्हणजे ते बरोबर होते," ती म्हणाली. "सगळे बरोबर होते आणि मी एकटी..." मला इतकं वाईट वाटलं की तुटले असते तर बरं झालं असतं असं वाटलं. इनायतभाईंनी मला बंद केलं.

"पुन्यांदा लाव."

दारात रखमाजी उभा होता. चपला पायरीवरच राहिल्या होत्या.

"आबा, काय झालं?"

"पुन्यांदा लाव म्हनतो."

इनायतभाईंनी मला हात लावला नाही. कॉम्प्युटरमध्ये पकडलेला आवाज त्यांनी लावला. रखमाजीनं दाराची चौकट धरली आणि शेवटपर्यंत ऐकलं. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

"समे, ही हिरा हाय. ही तुझी आय हाय."

समीक्षा म्हणाली, "नीट ऐका आबा. नक्की?"

"मला तिचं तोंड आठवतं," रखमाजी म्हणाला. "आवाज आठवंना झालता. लय वर्सं झाली. कुनाला सांगनार, बायकूचा आवाज इसरलो म्हनून? ती हिराच हाय. मेल्यांनो म्हनायची ती पाखरांना."

"आणि ये म्हणते ती? ती कुणाला बोलावते?"

"तुला की. तू बांधावर बसायचीस, छत्रीखाली. तिनं हाळी घातली का दचकायचीस, रडायला यायचीस. मग ती म्हनायची, तुला न्हाई बोलले."

समीक्षानं सोळा वर्षं ती हाक आपल्यासाठीच आहे असं मानून ऐकली होती. आणि ती तिच्यासाठीच होती! ती बापाला मिठी मारून लहान मुलीसारखी रडली. इनायतभाईंनी आपला चष्मा काढून उगीचच पुसला, मग चिमटा घेतला आणि माझ्या पाठीवरच्या दोन पट्ट्या कट् कट् मोडून टाकल्या. "आता हिच्यावर कुणी काही भरू शकणार नाही," ते म्हणाले. मला जरा दुखलं. पण इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

त्याच दिवशी समीक्षानं अतुलना कळवलं, "तुम्ही बरोबर होता. अल्बमात बाई नाही. माझ्या कॅसेटमध्ये आहे, आणि ती माझी आई आहे. हे घडलं ते असं." तिनं सगळं लिहिलं आणि शेवटी एक ओळ घातली: "लेखातला एकही शब्द मी बदलणार नाही. छापायचा तर तसाच छापा." अतुलनी लेख तसाच घेतला. वर विचारलं, त्या चाळीस सेकंदांना पुस्तिकेबरोबरच्या सीडीत दहावं दार म्हणून लावू का? समीक्षानं नाही सांगितलं. "अल्बम नऊ दारांचाच आहे आणि तो तसाच पुरा आहे. हे दार आमच्या घराचं आहे." अशी चाहती मिळायला भाग्य लागतं हो, मी काही उगीच मिरवत नाही.

मित्रांनो, आता मी फिरत नाही. फिरले तर तुटेन. तुमच्या घरात कुठे माळ्यावर, कुठे फडताळात माझी एखादी बहीण पडली असेल. तिची फीत ओढून काठीला बांधण्याआधी तिला एकदा वाजवा. पहिलं गाणं ऐकून फेकू नका, बाजू बदला, अगदी शेवटपर्यंत ऐका. कुणाचं काय, कुठे, चुकून राहून गेलं असेल ते सांगता येत नाही. आणि जपायचं असं काही सापडलं, तर माझ्या पट्ट्या जशा इनायतभाईंनी मोडल्या तशा लगेच मोडून टाका. उद्यावर ठेवू नका.

गेल्या आठवड्यात दाणा दुधात आला. समीक्षानं मला सदऱ्याच्या खिशात ठेवलं, छोटा स्पीकर घेतला आणि आम्ही तिघं खाचरावर गेलो. मोकळ्यावर मला ऐकायला रखमाजी पहिल्यांदाच बांधावर बसला होता. तिनं फोनवरून सगळी गाणी लावली, बाकीची अतुलनी पाठवलेली आणि सातवं माझ्यातलं. डंपर रिकामा झाला, सॅक्सोफोन लाडात आला, पाळणा फिरला, मशीन चाललं. रखमाजी गुडघ्यावर बोटांनी मशीनचा ताल धरत होता, हिरा तोंडानं धरायची तोच. मग सातवं आलं. थेंब थेंब वाजून वाद्यं गप्प झाली, आणि पोपटांचा थवा नेमका तेव्हाच खाली उतरला, लोंब्या वाकल्या. समीक्षा पुढे सरकली तसा रखमाजीनं तिचा हात धरला.

"थांब. तिला करू दे."

"हाऽऽ हुर्र!" हिरा ओरडली, आणि सगळा थवा एकदम उडाला. रखमाजी तो डोंगराआड जाईपर्यंत बघत राहिला.

"अजून भित्यात तिला," तो म्हणाला.